चिंकारा आणि गिधाड

१८३१ साली साइक्स नावाच्या, मुंबई सैन्यातील इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माळावरील चिंकाऱ्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. लोक त्याला हरीण म्हणतात. परंतु त्याची शिंगे चितळासारखी दर वर्षी गळत नाहीत, आणि शास्त्राच्या दृष्टीने तो गाय-बकरीच्या कुळातला ठरतो. आपले गिधाड गरुड-घारीचे भाऊबंद. अमेरिकेतली गिधाडे तशीच बोडक्या डोक्याची, पण कूळ निराळे.

मालकवर्गाला 'गिधाडे' म्हणून आम्ही सभांतून टाळ्या मिळविल्या आहेत. मेलेल्या ढोरांवर गुजराण करून गाव स्वच्छ ठेवणाऱ्या पक्ष्याची ती नालस्तीच होती, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

चिंकाऱ्याचा शत्रू उघड होता : शिकाऱ्याची बंदूक, आणि नांगराखाली जाणारा माळ. १९७२ च्या कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीत घेतले. १९९७ साली बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य झाले. जेमतेम पाच चौरस किलोमीटरांचे, पण चिंकारा तेथे टिकला.

गिधाडाला अशी हद्द घालून देता येत नाही. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ ह्या काळात हजारांतले एक उरावे इतकी घटली, आणि त्यांच्यावर कोणी गोळी झाडली नव्हती. कारण उमगले २००४ साली. गुरांना वेदना शमविण्यासाठी डायक्लोफेनॅक देत. असे ढोर मेले व गिधाडाने खाल्ले, की त्याची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली गुरांसाठी ते औषध बंद झाले. मात्र माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या. त्यांचा आकार २०१५ मध्ये तीन मिलिलिटरवर आणावा लागला.

वर्गीकरण ही पंडितांची करमणूक आहे, असे आम्ही समजत होतो. पण लांब चोचीचे गिधाड म्हणून जी एकच जात धरली जाई, तिच्या २००१ साली दोन झाल्या : कड्यांवर घरटी करणारी आपली, आणि उत्तरेकडची, झाडांवर घरटी करणारी, बारीक चोचीची. ही दुसरी आधीच थोडी. ती नाहीशी होत चालली तरी दोघींच्या एकत्र मोजणीत ते दिसत नव्हते. मस्टरवर नाव नसलेला बदली कामगार असाच जातो.

आता हरियाणात पिंजोरला गिधाडांची पैदास करतात. काम धिमे, जोडी वर्षाला एकच अंडे घालते, आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षे लागतात.