सह्याद्रीची तांबडी माती : गेरू आणि काव
महाडहून पोलादपूरमार्गे आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठल्यावर काळ्या बेसाल्टवर जांभ्याचा तांबडा थर दिसतो. दीर्घकाळच्या पावसाने बेसाल्टातील विद्राव्य घटक वाहून गेले, लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली आणि हा दगड घडला. हेमॅटाइट या लोहाच्या ऑक्साइडाने रंगलेली मऊ माती म्हणजे गेरू किंवा काव. कोकणात ती भिंतींना, तुळशीवृंदावनाला आणि रांगोळीखालच्या जमिनीला लावत. दक्षिण कोकण व गोव्यातील कावी कलेत मात्र पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा थर देऊन, तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडत आणि खालच्या पांढऱ्या रंगाची नक्षी उमटवत. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो व रंगकण धरून ठेवतो. म्हणून अशा भिंतींच्या जीर्णोद्धारात ऑइलपेंट न फासता चुना आणि कावच वापरली पाहिजे.