ताजा कलम : न चित्रित झालेल्या एका प्रसंगाविषयी

पत्राखाली सही झाल्यावर जे सुचते त्यासाठी आपल्याकडे ‘ता. क.’ लिहिण्याची प्रथा आहे. पुष्कळदा पत्राचे खरे कारण त्या दोन अक्षरांनंतरच येते. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेतील एका भागाला ऑक्टोबर २०१२ मध्ये जोडलेल्या चार-पाच मिनिटांच्या आंतरजालीय पुरवणीचे नाव इंग्रजीतील याच संक्षेपाचे, म्हणजे ‘पी. एस.’ असे आहे. क्रिस चिब्नल यांनी लिहिलेला हा प्रसंग कधीच चित्रित झाला नाही. चित्रीकरणाआधी काढतात तशी रेखाटने, आणि त्यांवर आर्थर डार्व्हिल या नटाने वाचलेले एक पत्र, एवढाच त्याचा ऐवज.

मूळ भाग २९ सप्टेंबर २०१२ रोजी प्रक्षेपित झाला. स्टीव्हन मोफॅटलिखित या भागात डॉक्टरचे सहप्रवासी अ‍ॅमी आणि रोरी हे दांपत्य न्यूयॉर्कच्या भूतकाळात कायमचे अडकते. त्यांना तिथे ढकलणारे शिल्परूप ‘रडणारे देवदूत’ माणसाला मारत नाहीत. ते त्याला गतकाळात फेकून देतात आणि त्याच्या न जगलेल्या दिवसांवर स्वतः जगतात. रोरीचे ब्याऐंशी आणि अ‍ॅमीचे सत्त्याऐंशी वर्षांचे आयुष्य एका थडग्यावरील अक्षरांत मावते. अखेरीस अ‍ॅमीचे एक ‘नंतरचे पान’ डॉक्टरच्या हाती येते आणि भाग संपतो. म्हणजे निरोप आहे. पण तो नायकाला उद्देशून आहे.

या निरोपात एक माणूस विसरला गेला : रोरीचा बाप ब्रायन. याच मालिकेत ८ सप्टेंबरला मार्क विल्यम्स यांनी साकारलेला ब्रायन प्रथम अवतरला, तेव्हा तो खिशात बागकामाची खुरपी बाळगणारा, घर न सोडणारा, किंचित हास्यास्पद गृहस्थ होता. दोन आठवड्यांनी, चिब्नल यांनीच लिहिलेल्या भागात, त्याने डॉक्टरला एक सरळ प्रश्न विचारला : याआधी तुमच्याबरोबर गेलेल्यांचे काय झाले? डॉक्टरचे उत्तर प्रामाणिक होते. काही सोडून गेले, काही मागे राहिले आणि थोडे, फार नव्हे, मेले. पण या दोघांचे तसे होणार नाही, असे आश्वासनही त्याने दिले. त्या भागाच्या अखेरीस मुलाला आणि सुनेला पुन्हा प्रवासाला जा म्हणून सांगणारा ब्रायनच असतो. आणि पुढल्याच आठवड्यात ती दोघे कायमची जातात. ज्याने परवानगी दिली त्याला कोणी कळवले का, हा प्रश्न मूळ भाग विचारीत नाही. ‘पी. एस.’ जन्माला येते ते या त्रुटीतून. निव्वळ जिव्हाळ्यातून नव्हे.

प्रसंग साधा आहे. मुलगा-सून गेल्याला आठवडा झाला आहे. दाराची घंटा वाजते. एक वयस्क अमेरिकी गृहस्थ पत्र घेऊन उभा आहे. पत्र रोरीचे : आम्ही परतणार नाही, सुखात आहोत, माझ्या जन्माच्या पन्नास वर्षे आधीच्या न्यूयॉर्कात आहोत. मीही एक खुरपी विकत घेतली आहे. आणि ज्याने हे पत्र आणले त्याच्याशी नीट वाग, कारण तो तुझा नातू आहे. १९४६ साली दत्तक घेतलेला अँथनी ब्रायन विल्यम्स. नातू आजोबांपेक्षा वडील, हा कालप्रवासाचा ठरीव विनोद खराच. पण तो इथे हसवण्यासाठी येत नाही. बाप-लेकांच्या अवघडलेल्या मिठ्यांची आठवण पत्रात येऊन गेलेली असते. ब्रायन हस्तांदोलनासाठी हात पुढे करतो, आणि नातू त्याला मिठीच मारतो.

ही कल्पना सर्वस्वी नवी नाही, हे नमूद केले पाहिजे. याच देवदूतांचा पहिला भाग, ‘ब्लिंक’ (२००७), यातही १९२० मध्ये फेकल्या गेलेल्या तरुणीचे पत्र तिचा नातू नेमक्या क्षणी पोहोचवतो. तिथे ते रहस्याची कळ होते. चिब्नल यांनी तीच युक्ती कथानक पुढे नेण्याच्या कामातून सोडवली आणि शोकाच्या कामी लावली. शिवाय सप्टेंबरच्या पहिल्याच भागात अ‍ॅमीला आता मूल होणे शक्य नाही हे कळले होते. दत्तकाचा उल्लेख तिथे जाऊन पोहोचतो.

रूपाचाही इतिहास आहे. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत या मालिकेच्या अनेक जुन्या ध्वनिचित्रफिती पुसून टाकल्या. प्रेक्षकांनी घरी ध्वनिमुद्रित केलेले आवाज आणि जॉन क्युरा यांनी पडद्यावरून टिपलेली छायाचित्रे जोडून रसिकांनी ते भाग पुन्हा उभे केले. १९७९ मध्ये संपामुळे अर्धवट राहिलेली ‘शादा’ ही कथा १९९२ मध्ये टॉम बेकर यांच्या निवेदनाने सांधून प्रसिद्ध झाली, २००३ मध्ये आंतरजालावर नव्या नटसंचात आली आणि २०१७ मध्ये सचेतपटाने पूर्ण झाली. त्यामुळे स्थिर चित्र आणि आवाज यांतून हरवलेले दृश्य मनात भरून काढण्याची या प्रेक्षकाला सवयच होती. फरक एवढाच की तिथे चित्रित झालेले नष्ट झाले होते. इथे चित्रित झालेच नाही. पेन्सिलीच्या त्या कच्च्या रेषा पुढे पक्क्या होणार नाहीत, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. मला वाटते, पूर्ण चित्रित प्रसंग याहून उणा ठरला असता. ब्रायनचा चेहरा आपण पाहत नाही, आणि ऐकू येतो तो फक्त अनुपस्थिताचा आवाज.

तरीही एक तक्रार राहते. पत्र फार समजूतदार आहे. ब्रायनला रागावायला ते अवकाशच देत नाही. ज्याने शब्द दिला त्या डॉक्टरला कोणी जाब विचारीत नाही. (चिब्नल २०१८ ते २०२२ या काळात मालिकेचे सूत्रधार होते, पण ब्रायनचा तो प्रश्न त्यांनीही पुन्हा उघडला नाही.) आणि अ‍ॅमीचे आईवडील? २०१० च्या मालिकेअखेर विश्वाच्या पुनर्रचनेत ते तिला परत मिळाले होते. त्यांच्या दाराची घंटा मूळ भागात वाजत नाही आणि या ताज्या कलमातही नाही.