अॅनी मूर : दंतकथा आणि दफ्तर

थोरामोठ्यांचीं चरित्रें लिहिणारास बखरी, पत्रें व रोजनिशा यांचा आधार असतो. परंतु आगबोटीच्या स्वस्त वर्गांतून परदेशीं गेलेल्या एखाद्या गरीब मुलीचा माग काढावयाचा, तर जन्माची नोंद, उतारूंची यादी, खानेसुमारीचें पान आणि थडग्याचा क्रमांक यांवांचून दुसरें साधन नसतें. हीं साधनें अबोल खरीं. पण तीं नीट जुळविलीं, म्हणजे लोकांनीं मोठ्या प्रेमानें जपलेली गोष्टही त्यांपुढें टिकत नाहीं. अॅनी मूर हिच्या शोधाचा इतिहास याची उत्तम साक्ष देतो.

१८४५ सालीं बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि आयर्लंडांत भीषण दुष्काळ ओढवला. त्यांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व जवळ जवळ तितकींच देशोधडीस लागलीं. दुष्काळ सरला, तरी परदेशीं जाणारांचा ओघ आटला नाहीं. कॉर्कची अॅनी ही त्याच ओघांतली. आईबाप आधींच न्यूयॉर्कला गेलेले. २० डिसेंबर १८९१ रोजीं अँथनी व फिलिप या दोन धाकट्या भावांस घेऊन ती क्वीन्सटाउन बंदरांतून 'नेव्हाडा' बोटीनें निघाली. १ जानेवारी १८९२ रोजीं एलिस बेटावरील ठाणें उघडलें आणि त्यांत पहिलें पाऊल अॅनीचें पडलें. अधिकाऱ्यांनीं तिच्या हातीं दहा डॉलरचें सोन्याचें नाणें ठेविलें. त्याच दिवशीं तिला १५ वर्षें पुरीं झालीं, असें वृत्तपत्रांनीं छापिलें. आयर्लंडांतील नोंदींप्रमाणें ती १७ वर्षांची होती. दंतकथेचा आरंभ असा पहिल्याच दिवशीं झाला.

पुढें अॅनी कोठें गेली? लोकांचें उत्तर ठरलेलें होतें : ती पश्चिमेकडे टेक्ससला गेली, तेथें एका नामांकित आयरिश कुळांतील पुरुषाशीं तिचा विवाह झाला आणि १९२३ सालीं ट्रामगाडीच्या अपघातांत तिचा अंत झाला. नव्या देशांत येऊन दूर दूर जावें व भाग्य काढावें, हें अमेरिकेचें आवडतें चित्र. त्यांत ही गोष्ट इतकी चपखल बसली कीं, तिची पारख करण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. मेगन स्मोलेन्याक या वंशावळ-संशोधक बाईंनीं मात्र खानेसुमारीचीं पानें चाळलीं. टेक्ससची अॅनी मूर इलिनॉय संस्थानांत जन्मलेली निघाली! ती बोटीनें येण्याचें कारणच नव्हतें.

मग खरी अॅनी कोणती? मूर हें आडनांव सर्वत्र आढळणारें. शिवाय विवाहानंतर स्त्रीचें आडनांव पालटतें आणि माग तुटतो. स्मोलेन्याक बाईंनीं २००६ सालीं एक हजार डॉलरचें इनाम जाहीर केलें. न्यूयॉर्कच्या दफ्तरखात्याच्या आयुक्तांस धाकट्या फिलिपच्या नागरिकत्वाचे कागद सांपडले. बहिणीच्या वाटेनें न लागलेला पत्ता भावाच्या वाटेनें लागला.

ही अॅनी न्यूयॉर्क सोडून कोठेंच गेली नव्हती. मॅनहॅटनच्या दक्षिणेकडील गरीब वस्तींत तिचा जन्म सरला. १८९५ सालीं जोसेफ शायर या जर्मन वंशाच्या तरुणाशीं तिचा विवाह झाला. तिला दहा-अकरा मुलें झालीं. त्यांतलीं सुमारें निम्मींच मोठीं झालीं. १९२४ सालीं, वयाच्या पन्नाशींत, ती हृदयविकारानें वारली. क्वीन्स भागांतील कॅल्व्हरी दफनभूमींत तिला ठेविलें, पण थडग्यावर नांवाचा दगड बसला नाहीं. एलिस बेटावर तिचा पुतळा १९९३ सालीं उभा राहिला. देह मात्र आणखी पंधरा वर्षें निनांवी मातींत होता. २००८ सालीं तेथें केल्टिक क्रूस उभारण्यांत आला.

दफ्तरानें एक सुरस कथा हिरावून घेतली, असें कोणी म्हणेल. पण बंदरावर उतरलेल्या लक्षावधि आयरिश स्त्रियांपैकीं भाग्य काढणाऱ्या थोड्या. कोंदट खोल्यांत मुलें वाढविणाऱ्या आणि मुलें पुरणाऱ्या पुष्कळ. टेक्ससच्या कथेंत त्यांस स्थान नव्हतें. खऱ्या अॅनीच्या चरित्रांत तें त्यांस मिळालें.