अस्सल कोणाच्या हाती?

'अस्सल' हा शब्द मराठीत रुजला तो दफ्तरखान्यात. मूळ कागद तो अस्सल आणि त्यावरून उतरून घेतलेली ती नक्कल, एवढाच त्याचा साधा अर्थ. पुढे तो बाजारात उतरला. अस्सल तूप, अस्सल केशर असे आपण म्हणू लागलो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र या शब्दाने एक नवाच अवतार घेतला आहे. संगणक सुरू करावा, काही महत्त्वाचे काम काढावे, आणि पडद्यावर इंग्रजीत अक्षरे उमटावीत: तुमच्या यंत्रातील प्रणालीची ही प्रत अस्सल नाही, किंवा तिचा परवाना अद्याप जागा झालेला नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूने मालकालाच 'तू खरा की खोटा' असे विचारावे, हा प्रकार नवा आहे खरा. पण त्यामागचा तंटा मात्र जुना आहे. मोडी कागद वाचण्याचा मला थोडाफार नाद असल्यामुळे त्या तंट्याची जुनी टोके माझ्या हाती लागली. ती येथे जुळवून पाहावयाची आहेत.

प्रथम हा प्रश्न आमच्या वडवणीसारख्या गावाला का भिडावा, ते सांगितले पाहिजे. वडवणी हे बीड जिल्ह्यातील, बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तालुक्याचे गाव. या भागातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. निघण्यापूर्वी कोणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कोणाला मुलाचे जातप्रमाणपत्र, कोणाला सातबारा. पावसाळ्यात पीकविम्याची मुदत आली की पुन्हा तीच गर्दी. ही सारी कामे आता सेवा केंद्रातल्या संगणकावर होतात. पूर्वी तलाठी गावाला गेला म्हणजे काम अडे. आता संगणक बसला म्हणजे अडते. तेव्हा संगणकाच्या परवान्याची कथा ही केवळ शहरी लोकांच्या करमणुकीची नव्हे. तिच्यात आमच्या गावकऱ्यांच्या एका दिवसाच्या मजुरीचा प्रश्न गुंतलेला आहे.

आता या परवान्याची रीत पाहू. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी ही प्रणाली बाजारात आणली आणि तिच्याबरोबर घरगुती ग्राहकांसाठी 'ॲक्टिव्हेशन' नावाचा विधी सर्वत्र लागू केला. खोक्यावर पंचवीस अक्षरांची किल्ली छापलेली असे. ती भरली तरी काम पुरे होत नसे. संगणकातील डिस्क, स्मृती, प्रोसेसर, जाळ्याशी जोडणारे कार्ड अशा दहा भागांच्या खुणा घेऊन प्रणाली एक आकडा तयार करी, तो कंपनीकडे पाठवी, आणि तिकडून मान्यता आली म्हणजेच परवाना पक्का होई. त्यासाठी मुदत तीस दिवसांची. इंटरनेट नसेल त्याने फोनवरून पन्नासावर आकडे वाचून दाखवावेत आणि उत्तरादाखल मिळालेले बेचाळीस आकडे यंत्रात भरावेत. मुदत उलटली की दार बंद. पुढे संगणकाचे भाग फार बदलले, तर प्रणाली हे यंत्रच निराळे समजे आणि विधी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

येथेच आमच्या गावाची अडचण सुरू होते. कंपनीने मनाशी धरलेला ग्राहक कायम विजेच्या, कायम जोडणीच्या गावचा. आमच्याकडे भारनियमन, कमीजास्त होणारा दाब, उन्हाळ्याची धग आणि पावसातली वीज यांमुळे यंत्राचा मदरबोर्ड जळणे ही काही नवलाची गोष्ट नाही. संगणक दुरुस्त करणारा माणूस बीडहून नाहीतर माजलगावहून मिळेल तो बोर्ड आणून बसवतो. यंत्र पुन्हा चालू होते; पण यंत्राबरोबर आलेला परवाना सहसा त्या बोर्डालाच बांधलेला असतो, आणि तो बोर्डाबरोबर जातो. शेतकऱ्याने नांगराचा फाळ बदलावा आणि त्यामुळे बैलजोडीवरचा हक्क पुन्हा सिद्ध करण्याची पाळी त्याच्यावर यावी, तसा हा न्याय. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्या पूर्वीइतक्या कडक नाहीत, हे सांगितले पाहिजे. परवाना नसला तरी त्या चालतात. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरांत सूचना तेवढी उभी राहते. पण त्याच कंपनीच्या लेखनप्रणालीचा परवाना जागा झाला नाही, तर जुना अर्ज वाचता येतो, नवा लिहिता येत नाही. केंद्रात अर्ज लिहावयाला आलेल्या माणसाला एवढे पुरे होते.

आता मागे वळू. सनद देणे आणि ती पुन्हा पुन्हा तपासणे हा राज्यकर्त्यांचा जुना उद्योग आहे. नवा सुभेदार आला, नवा कमावीसदार आला, की तो वतनदाराला विचारी, तुझे पत्र कोठे? गेल्या सालचे चालणार नाही, यंदाचे आण. दरबार लांब, वाट अवघड, कारकुनांची दस्तुरी वेगळी. या जाचाची जाणीव खुद्द राज्यालाही होती. म्हणूनच मराठेशाहीतल्या कितीतरी इनामपत्रांच्या शेवटी अंमलदारांना एक ताकीद आढळते: दरसाल नव्या पत्राचा आक्षेप करू नका, या पत्राची नक्कल उतरून दफ्तरी ठेवा आणि अस्सल पत्र भोगवटादाराजवळ परत द्या. मी प्रथम ती वाचली तेव्हा ठराविक शेपूट म्हणून सोडून दिली होती. आज मला ती त्या पत्रांतील सर्वांत शहाणी ओळ वाटते. सरकारजवळ नक्कल, माणसाजवळ अस्सल; शंका आली तर सरकारने आपले दफ्तर चाळावे, माणसाला हेलपाटे घालावयास लावू नये, असा तिचा रोख आहे.

निजामी अमलात हीच गोष्ट दुसऱ्या नावाने चाले. वडवणीचा हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथे इनामांच्या चौकशीचे 'अतियात' नावाचे स्वतंत्र खाते होते. चौकशी होऊन हक्क ठरला म्हणजे इनामदाराला 'मुंतखब' मिळे. तो मेला की वारसाची चौकशी होई. खाते संथ, भाषा परकी, आणि कचेरी हैदराबादेस. विलीनीकरणानंतर १९५२ साली या चौकश्यांसाठी नवा कायदा झाला आणि १९५४ च्या कायद्याने इनामेच रद्द करण्याचा मार्ग धरला. त्या व्यवस्थेचे गोडवे मला गावयाचे नाहीत; ती गेली हे उत्तमच झाले. पण तीत एक गोष्ट होती. मुंतखब घरच्या पेटीत असे. चौकशी वर्षानुवर्षे रेंगाळली तरी जमीन पेरणाऱ्याला पाभर हाकता येई. कागदावर शंका आली म्हणून माती उगवायची थांबत नसे.

यंत्रांच्या परवान्याची पहिली ओळख आपल्या लोकांना रेडिओने करून दिली. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय रेडिओ जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवला होता. स्वातंत्र्यानंतरही पोस्टात दरवर्षी शुल्क भरून परवान्याचे पुस्तक ताजे करून घ्यावे लागे. हा प्रकार थेट १९८० नंतरच्या काही वर्षांपर्यंत चालू होता. घरोघरी ते पुस्तक रेडिओच्या खालीच ठेवलेले असे. मौज अशी की, शुल्क भरावयाचे राहिले तरी रेडिओ गातच राही. त्याला परवान्याचा पत्ता नसे. चूक दाखवावयाची तर तपासनिसाला उन्हातून चालत यावे लागे, दाराची कडी वाजवावी लागे, आणि घरच्या माणसाला निदान दोन शब्द बोलावयाची संधी मिळे. वस्तू वेगळी होती आणि तपासनीस वेगळा होता. २००१ साली जे घडले ते हेच, की तपासनीस वस्तूच्या पोटात जाऊन बसला.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी संगणकाच्या छांदिष्टांना उद्देशून एक उघडे पत्र लिहिले. आल्टेअर या छोट्या संगणकासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेसिक भाषा तयार केली होती. बहुतेक लोक ती विकत न घेता उतरून घेत, आणि अशाने चांगले काम करणार कोण, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता. आपल्याकडे १९९० नंतर मराठी अक्षरजुळणीची पॅकेजे निघाली, तेव्हा त्यांच्या कर्त्यांनाही हीच धास्ती होती. म्हणून अशा पॅकेजांबरोबर संगणकाच्या पाठीमागे लावण्याचे बोटाएवढे कुलूप येई. ते लावले नाही तर मराठी टाइप उमटत नसे. लग्नपत्रिका छापणारे कित्येक दुकानदार रात्री ते कुलूप गल्ल्यात ठेवून जात. मातृभाषेची अक्षरे कुलपात असावीत हे मनाला लागते खरे. पण ते कुलूपही हातात होते. विंडोजच्या किल्लीचे तसे नाही. किल्लीचे अक्षर आपल्याजवळ, आणि ती लागते की नाही याचा निर्णय सातासमुद्रापलीकडे.

निर्णय करणारेच चुकले तर? तसेही घडले आहे. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तपासणी करणाऱ्या यंत्रणेत, अजून तयार न झालेला मजकूर चुकून चढवला गेला. एका दिवसाच्या आत तो काढला; परंतु तेवढ्या अवधीत रीतसर विकत घेतलेल्या हजारो प्रती बनावट ठरल्या. कंपनीने आकडा बारा हजारांच्या आत सांगितला. पुन्हा ८ नोव्हेंबर २०१८ रोजी विंडोज दहाच्या वरच्या दर्जाच्या प्रती घेतलेल्या अनेकांना, तुमचा परवाना खालच्या दर्जाचा आहे, असे यंत्र सांगू लागले. तीही चूक कंपनीने मान्य केली व निस्तरली. चुका कोणाच्याही होतात. पण कचेरीने चूक केली तर रयतेजवळचा अस्सल कागद तिला खोटे पाडू शके. येथे रयतेजवळ दाखवावयाला काय आहे? एक पावती. आणि पावती वाचणारे डोळे त्या यंत्राला नाहीत.

याहून विलक्षण गोष्ट चोराची. एक्सपीच्या वेळी मोठ्या संस्थांना घाऊक किल्ली दिली जाई. तिला हा विधी लागत नसे. अशी एक किल्ली प्रणाली बाजारात येण्यापूर्वीच फुटली आणि जगभर फिरली. ती वापरणाऱ्याला ना मुदत, ना फोन, ना आकडे. पुढे कंपनीने ती अडवली, तेव्हा लोकांनी दुसऱ्या वाटा काढल्या. म्हणजे पहाऱ्याचा काच सर्वांत अधिक कोणाला? ज्याने पैसे मोजले त्यालाच. गावात चोरीचा संगणक धडधडत चालावा आणि खरेदीचा अडून बसावा, याचा परिणाम लोकांच्या नीतीवर होतो, आणि त्याची नोंद कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात सापडत नाही.

आपला कायदा या बाबतीत काय म्हणतो, तेही पाहण्यासारखे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकप्रणाली 'साहित्यकृती'त गणली गेली. म्हणजे कायद्याच्या पंक्तीला कादंबरी आणि विंडोज शेजारी शेजारी बसतात. पुढे २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात तयार प्रणाली हा 'माल' आहे, त्यावर विक्रीकर लागतो, असा निर्णय दिला. २०२१ सालच्या निकालातही त्याच न्यायालयाने, अशी प्रत विकत घेणाऱ्याला कॉपीराइट मिळत नाही, मिळते ती वस्तू, असा भेद केला. तर मग ही वस्तू साहित्य आहे, माल आहे, आणि तिच्यावर आपण विकत घेतलेल्या मालाचा करही भरला आहे. परंतु करारनाम्यात मात्र लिहिलेले असते की आम्ही विकले काहीच नाही, केवळ वापरू दिले. उद्या एखाद्या प्रकाशकाने दिवाळी अंक घरी नेल्यावर दर महिन्याला वाचकाची ओळख पटवून घ्यावयाचे ठरवले, किंवा घर बदलले म्हणून अंकाची पाने मिटून घेतली, तर आपण ते चालू देऊ काय?

यावर उपाय नाही असे नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये जीएनयूची घोषणा केली आणि १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला. त्यांतून उभी राहिलेली प्रणाली कोणाकडे परवानगी मागत नाही. ती उतरून घेणे हाच तिचा धर्म. केरळने आपल्या शाळांत तीच वापरली. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही 'बॉस' या नावाने तिचा भारतीय अवतार काढला. तरी अडचण उरते. सेवा केंद्राचा छापखाना, बोटाचे ठसे घेणारे यंत्र, सहीची किल्ली ही सारी विंडोज गृहीत धरून बनवलेली असतात. नव्या प्रणालीवर ती चालतील की नाही, या भीतीने केंद्रचालक जुन्यालाच चिकटून राहतो. त्याला दोष देता येत नाही. जेथे सरकारचे काम चालते तेथे परवान्याच्या अडचणीचा भार एकट्या केंद्रचालकावर टाकणे, हेच मुळी चूक आहे.

माझे मागणे फार नाही. कंपनीने आपले हित जरूर राखावे. तिच्या माणसांनाही घरसंसार आहेत. परंतु विकत घेणाऱ्याला त्याच्या हक्काचा असा पुरावा मिळाला पाहिजे, की जो बोर्ड जळला, तार तुटली, कंपनीचे दफ्तर एक दिवस बिघडले तरी त्याच्या हाती राहील आणि मानला जाईल. शंका आली तर शंका घेणाऱ्याने ती फेडावी, आणि तोपर्यंत काम चालू राहावे. यात मी नवीन काही सांगतो असे नाही. तीनशे वर्षांपूर्वी मोडी लिहिणाऱ्या एखाद्या कारकुनाला जे कळत होते, तेवढेच सांगतो: नक्कल दफ्तरी ठेवावी आणि अस्सल ज्याचे त्याला परत द्यावे.