डोंगरानं दिलेले अडीच तास

कक्षेतून टिपलेल्या छायाचित्रात कोलंबियातली अँडीजची मधली रांग एखाद्या लांब सुरकुतीसारखी दिसते. तिच्यावर बर्फाचे मोजके पांढरे ठिपके आहेत. त्यांतला एक नेवादो देल रुईस, ५,३२१ मीटर उंचीचा जागृत ज्वालामुखी. त्याच्या पूर्वेकडून लागुनिया नदी अरुंद घळीतून उतरते आणि सपाटीवर येताच तिचा गाळ हातपंख्यासारखा पसरतो. पंख्याच्या मुठीपाशी आर्मेरो होतं. कापसाचं आणि भाताचं, सुमारे २९,००० वस्तीचं हे शहर १८४५ साली डोंगरावरून आलेल्या चिखलावरच उभं होतं. त्या चिखलानं तेव्हा हजारेक माणसं गाडली होती.

१९८४च्या नोव्हेंबरपासून डोंगर हादरत होता. ११ सप्टेंबर १९८५ला वाफेचा स्फोट झाला आणि चिखलाचा एक लोंढा २७ किलोमीटर धावला. ७ ऑक्टोबरला शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा मांडला. आर्मेरो त्यातल्या धोक्याच्या पट्ट्यात होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात राजधानी बोगोटात बंडखोरांनी न्यायमंदिराचा ताबा घेतला, शंभराच्या आसपास माणसं मेली आणि सरकारचं सगळं लक्ष तिकडे गेलं.

१३ नोव्हेंबर, दुपारी ३ वाजून गेल्यावर
शिखरातून काळी राख उठली.

संध्याकाळी ५
प्रांताची राजधानी इबागे इथं आपत्कालीन समितीची बैठक सुरू झाली. आर्मेरोवर राख पडू लागली, तिच्यात पाऊस मिसळला. घरात थांबा, घाबरू नका, असं रेडिओ सांगत होता. चर्चच्या ध्वनिक्षेपकावरून पाद्रीही तेच सांगत होते.

संध्याकाळी ७:३०
मला सगळ्यात जास्त छळते ती ही वेळ. शहर रिकामं करायला हवं, हे बैठकीत ठरलं होतं आणि रेड क्रॉसला तशी सूचनाही गेली होती. पण राख पडायची थांबली. आकाश शांत झालं, म्हणून माणसंही शांत झाली आणि स्थलांतर बारगळलं. ज्यांनी हा निर्णय घेतला ते बेफिकीर नव्हते. खोटा इशारा देऊन हजारो लोकांना पावसात बाहेर काढलं तर काय, ही भीती खरी होती. पण शहरावर राख पडते की थांबते, याचा चिखलाच्या धोक्याशी काही संबंध नव्हता. राख थांबली म्हणून बर्फ काही जागचा हलला नव्हता. उंच जागा शहरालगतच होत्या, पायी जाण्याच्या अंतरावर. मुलंबाळं, म्हातारी माणसं, सगळ्यांना जमलं असतं.

त्या रात्री भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा एक गट आर्मेरोतल्या हॉटेलात मुक्कामी होता. तेही तिथंच राहिले.

रात्री ९:०८
खरा उद्रेक झाला. ज्वालामुखीच्या मानानं तो लहानच होता. पण तप्त राख आणि दगडांचे लोट हिमटोपीवरून घसरले आणि तिचा सुमारे दहावा हिस्सा वितळला. ते पाणी घळीत शिरलं, काठची माती, दगड, झाडं ओढत निघालं आणि खाली उतरता उतरता मूळच्या चौपट झालं. अशा लोंढ्याला जगभर ‘लहार’ म्हणतात. शब्द जावा बेटावरचा.

आर्मेरोतून शिखर दिसत नव्हतं, ढग आणि वादळ आड आलं होतं. वीज जात होती. नदीच्या वाटेनं अंतर सुमारे ७४ किलोमीटर.

रात्री १०:४०
डोंगराच्या पश्चिमेला दुसरा लोंढा चिंचिना गावात पोचला. सुमारे १,९०० माणसं गेली. शेजारच्या गावांतले नागरी संरक्षणाचे लोक आर्मेरोशी रेडिओवर संपर्क साधायचा प्रयत्न करत होते. तो झाला नाही.

रात्री ११:२५
आधी आलं ते पाणी. रस्त्यांवरून वाहणारं, थंड. ज्यांनी ते पाहिलं आणि चढाच्या दिशेनं धाव घेतली, त्यांच्या हातात आता जेमतेम दहा मिनिटं होती.

रात्री ११:३५
मुख्य लोंढा आला. विटांच्या भिंती, मोटारी, इस्पितळ, सगळं गेलं. पंधरा मिनिटांनी दुसरा लोंढा आला, मग आणखी लहान लहान. शहरातली वीस हजारांवर माणसं त्या रात्री मेली. चिंचिना धरून आकडा २३,००० च्या घरात जातो.

१४ नोव्हेंबर, पहाट
पिकांवर औषध फवारणाऱ्या विमानाचा वैमानिक वरून गेला, तेव्हा शहराच्या जागी त्याला करडा चिखल दिसला. त्याहून कितीतरी वर, निंबस-७ उपग्रहानं रुईसच्या वायूचा ढगही टिपला. त्यात सुमारे सात लाख टन सल्फर डायऑक्साइड असल्याचं पुढं मोजलं गेलं.

चिखलात अडकलेली माणसं अजून जिवंत होती. १३ वर्षांची ओमायरा सांचेझ तिच्या घराच्या ढिगाऱ्यात मानेपर्यंत पाण्यात होती, आणि तिला बाहेर काढणारं यंत्र तिच्यापर्यंत पोचणार नव्हतं. ती तीन रात्री जगली.

शहरालगतच्या चढावरची दफनभूमी कोरडी राहिली होती. वाचलेले लोक तिथं, थडग्यांमध्ये, उभे होते.