फुरंक्युलोसिस

ट्राउट, सॅमन आणि त्यांच्या कुळातील इतर माशांना होणारा सांसर्गिक रोग. एरोमोनास साल्मोनिसिडा हा सूक्ष्मजंतू त्याला कारण असतो. या जातिनामाचा अर्थच ‘सॅमन मारणारा’ असा आहे. बव्हेरियातील एका ट्राउट-संवर्धन केंद्रात पसरलेल्या साथीवरून एमेरिख व वायबेल यांनी 1894 मध्ये त्याचे पहिले वर्णन केले.

रोगाचे नाव काहीसे फसवे आहे. ते ‘फुरंकल’ म्हणजे गळू या शब्दावरून पडले. पण गळवात असतो तसा पू इथे जवळजवळ नसतोच. कातडीखालचा स्नायू विरघळतो आणि फुगवट्याला सुरी लावताच रक्ताळलेला पातळ द्रव बाहेर येतो. शिवाय असे फोड मुख्यतः रेंगाळलेल्या रोगात, मोठ्या माशांवर दिसतात. तीव्र साथीत पिल्ले खाणे सोडतात, काळवंडतात आणि अंगावर एकही फोड न येता दोन-तीन दिवसांत मरतात. फोड उठण्याची वाट पाहणाऱ्याला निदानास हमखास उशीर होतो.

प्रयोगशाळेत टायरोसिनयुक्त आगारावर जंतू वाढवला, की काही दिवसांत वसाहतींभोवती कॉफीसारखा तपकिरी रंग पसरतो. रंग न देणारे वाणही असल्याने केवळ त्यावर विसंबून चालत नाही.

खरी अडचण वाहक माशांची. धडधाकट दिसणारा मासा जंतू बाळगून असतो. पाणी तापले, गर्दी झाली किंवा हाताळणीचा ताण पडला की रोग उफाळतो. इंद्रधनुषी ट्राउट या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही, तपकिरी ट्राउट मात्र चटकन बळी पडतो. उन्हाळ्यात नदी आटून सॅमन डोहांत दाटीने अडकले की रानटी माशांतही साथ येते. ब्रिटनमधील नद्यांत असे वारंवार घडू लागल्यावर 1929 मध्ये चौकशी समिती नेमली गेली. तिचा अंतिम अहवाल 1935 मध्ये आला आणि 1937 मध्ये मत्स्यरोगांविषयी कायदा झाला.

नॉर्वेत हा रोग दोनदा बाहेरून आला : 1964 मध्ये डेन्मार्कच्या इंद्रधनुषी ट्राउटबरोबर, 1985 मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या सॅमनच्या पिल्लांबरोबर. दुसरी खेप महाग पडली. 1992 पर्यंत 500हून अधिक मत्स्यशेतांत आणि 70हून अधिक नद्यांत तो आढळला. पिंजऱ्यांतून निसटलेले मासे तो नद्यांत नेत होते.

प्रतिजैविके साथ दाबत, पण वाहक मासे उरत आणि जंतू औषधाला सरावत. 1990 नंतरच्या तेलयुक्त लशींनी चित्र पालटले. ही लस प्रत्येक पिल्लाला बेशुद्ध करून पोटात टोचावी लागते. तेलामुळे पोटातील अवयव एकमेकांना चिकटतात आणि काही माशांची वाढ खुंटते. तरीही संवर्धकांनी ती पत्करली.