सिंकमधून फोल्डर काही दिवस बाजूला कसे ठेवावे? थांबवणे, वगळणे आणि पुसणे यातला फरक समजून घ्या

दुबलगुंडी (ता. हुमनाबाद, जि. बिदर) : लग्नसराई आली की गावातल्या फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर एका दिवसात हजार-दीड हजार फोटो येऊन पडतात. त्याच कॉम्प्युटरवर कुणाची पहाणी, कुणाचा उत्पन्नाचा दाखला, कुणाचे मार्क्स कार्ड स्कॅन करून ठेवलेले असते. नेट बहुतेक ठिकाणी मोबाईलच्या हॉटस्पॉटचे. सिंक सॉफ्टवेअर ते फोटो वर चढवायला लागते आणि नाडकचेरीत आजच द्यायचा कागद रांगेत मागे अडकतो. अशा वेळी ते जड फोल्डर चार दिवस सिंकच्या बाहेर ठेवणे हा साधा उपाय आहे. मात्र तो करताना चुकीचा पर्याय निवडला, तर फोटो इथूनही जातात आणि पुण्यातल्या भावाच्या कॉम्प्युटरवरूनही. म्हणून आधी फरक समजून घेऊ, मग बटणाकडे वळू.

सिंक म्हणजे नेमके काय?

सिंक म्हणजे एकच फोल्डर दोन किंवा अधिक ठिकाणी सारखे ठेवणे. इथे फाइल टाकली की तिथे दिसते, इथे बदलली की तिथे बदलते. आणि इथे पुसली की तिथेही पुसली जाते. हे शेवटचे वाक्य बरेच जण विसरतात. सिंकला ‘बॅकअप’ समजून चालले की घोळ तिथूनच सुरू होतो. बॅकअपमध्ये जुनी प्रत शाबूत राहते. सिंक मात्र तुमची चूकही इमानदारीने सगळीकडे पोचवते.

सीमाभागात याची गरज जास्त का, ते वेगळे सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि बिदर म्हैसूर राज्यात आले. सोयरीक मात्र तशीच राहिली. जमीन हुमनाबाद तालुक्यात, बहीण निलंग्यात, मुलगा पुण्यात किंवा हैदराबादला, अशी घरे गावोगाव आहेत. शेताची पहाणी इथली, सातबारा तिकडचा, आणि दोन्ही कागद एका सामायिक फोल्डरमध्ये. अशा फोल्डरमध्ये एकाने केलेली गडबड तिघांना भोगावी लागते.

‘बाजूला ठेवणे’ याचे तीन अर्थ

पहिला, थांबवणे. मेनूत याला ‘पॉज सिंकिंग’ म्हणतात. सगळे जिथल्या तिथे राहते, फक्त देवाणघेवाण थांबते. पुन्हा सुरू केले की मधल्या काळातले सगळे बदल एकदम होतात. त्यात दुसऱ्याने पुसलेल्या फाइलींचाही हिशेब असतो. भावाने मधे एखादे फोल्डर पुसले असेल, तर पॉज काढल्यावर ते तुमच्याकडूनही जाईल.

दुसरा, निवडीतून काढणे. म्हणजे फोल्डरांच्या यादीतली टिक काढणे. यात तुमच्या कॉम्प्युटरवरची प्रत जाते, क्लाउडवरची राहते. डिस्कवर जागा करायची असेल तर हा पर्याय बरा.

तिसरा, दुर्लक्ष करायला सांगणे. मेनूत ‘इग्नोर’ हा शब्द दिसतो. यात फाइल तुमच्याकडे राहते, पण सिंक तिच्याकडे बघत नाही. नेट वाचवायचे असेल तर हा पर्याय कामाचा.

म्हणजे दुसऱ्या पर्यायात जागा वाचते, तिसऱ्यात नेट वाचते आणि पहिल्यात फक्त वेळ मिळतो. आपल्याला नेमके काय वाचवायचे आहे, हे ठरवल्याशिवाय माउसला हात लावू नये.

कट-पेस्ट हा चौथा मार्ग नव्हे

सर्वांत जास्त नुकसान होते ते इथे. सिंक फोल्डरमधले ‘लग्न’ फोल्डर उचलून डी ड्राइव्हवर टाकले, की सिंकच्या दृष्टीने ते फोल्डर पुसले गेले. तुमच्याकडे डी ड्राइव्हवर ते असते, पण क्लाउडवरून आणि बाकीच्या कॉम्प्युटरांवरून निघून जाते. ते फोल्डर फक्त तुमचेच असेल तर एक वेळ ठीक आहे. सामायिक असेल तर समोरच्याच्या हातातले काम जाते, आणि का गेले ते त्याला कळतही नाही.

कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काय होते?

वनड्राइव्ह : विंडोजच्या घड्याळाजवळच्या ढगाच्या चिन्हावर क्लिक करा. सेटिंगमधून २, ८ किंवा २४ तास सिंक थांबवता येते. एखादे फोल्डर काढायचे असेल तर ‘अकाउंट’मध्ये ‘चूज फोल्डर्स’ उघडा आणि टिक काढा. ते फोल्डर कॉम्प्युटरवरून जाईल, वनड्राइव्हवर राहील. टिक काढण्याआधी त्या फोल्डरसमोर हिरवी खूण आली आहे का ते बघा. खूण नसेल तर फाइली अजून पूर्ण चढलेल्या नाहीत, तोवर थांबा.

हॉटस्पॉटवाल्यांसाठी यात आणखी एक सोय आहे. विंडोजच्या वाय-फाय सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ करून ठेवा. वनड्राइव्हमध्ये मीटर्ड नेटवर सिंक आपोआप थांबवण्याचा पर्याय असतो. तो चालू असला की दुकानातल्या ब्रॉडबँडवर सिंक चालते आणि मोबाईलच्या नेटवर गप्प बसते.

गूगल ड्राइव्ह : २०२१ पासून कॉम्प्युटरसाठी ‘ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप’ हे एकच सॉफ्टवेअर आहे. त्यात ‘स्ट्रीम’ आणि ‘मिरर’ अशा दोन पद्धती आहेत. मिररमध्ये तुमचे सगळे ड्राइव्ह कॉम्प्युटरवर उतरते. स्ट्रीममध्ये फाइल दिसते, पण उघडली तरच उतरते, आणि हवे ते फोल्डर ‘ऑफलाइन’ ठेवता येते. जागा आणि नेट दोन्ही कमी असेल तर स्ट्रीम घ्यावे. गिअरच्या चिन्हातून सिंक थांबवता येते.

ड्रॉपबॉक्स : ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘सिंक’, त्यात ‘सिलेक्टिव्ह सिंक’. टिक काढलेले फोल्डर कॉम्प्युटरवरून जाते, वेबसाइटवर राहते. टिक काढल्यावर त्याच जागी त्याच नावाचे नवे फोल्डर करू नका. केले तर ड्रॉपबॉक्स त्याच्या नावापुढे ‘सिलेक्टिव्ह सिंक कॉन्फ्लिक्ट’ असे लिहून टाकते आणि दोन फोल्डरांत कोणते खरे, हा गोंधळ उरतो. ड्रॉपबॉक्समध्ये ‘इग्नोर’चीही सोय आहे, पण तिचा परिणाम उलटा. आधी सिंक झालेले फोल्डर इग्नोर केले तर ते तुमच्या कॉम्प्युटरवर राहते, पण क्लाउडवरून आणि तुमच्या बाकी कॉम्प्युटरांवरून पुसले जाते. सिलेक्टिव्ह सिंक आणि इग्नोर यांची गल्लत करणे म्हणजे नको ती प्रत ठेवून हवी ती घालवणे.

सिंकथिंग : हे मोफत, खुल्या स्रोताचे सॉफ्टवेअर २०१३ पासून आहे. यात मधे कुणाचा क्लाउड नसतो, दोन कॉम्प्युटर एकमेकांशी थेट बोलतात. प्रत्येक फोल्डरला वेगळे ‘पॉज’ बटण आहे. आतले एखादेच उपफोल्डर वगळायचे असेल तर त्या फोल्डरच्या ‘एडिट’मध्ये ‘इग्नोर पॅटर्न्स’ उघडा आणि एका ओळीत नाव लिहा, उदाहरणार्थ /लग्न-कच्चे. नाव देवनागरीत असले तरी चालते. सुरुवातीची तिरकी रेघ म्हणजे ‘फक्त मुख्य फोल्डरातले’, ती नसेल तर त्या नावाचे फोल्डर कुठेही असो, वगळले जाते. ओळ पुसली की सिंक पुन्हा सुरू. ही यादी दुसऱ्या कॉम्प्युटरवर जात नाही. तुम्ही वगळले तरी समोरच्याची यादी त्याची त्याला करावी लागते.

नेक्स्टक्लाउड : संस्था किंवा शाळा स्वतःच्या सर्व्हरवर हे चालवतात. यातही फोल्डरांची टिक काढता येते. स्थानिक प्रत जाते, सर्व्हरवरची राहते.

मोबाईलवरचे गूगल फोटोज : बॅकअपच्या सेटिंगमध्ये मोबाईलमधल्या फोल्डरांची यादी असते. व्हॉट्सअॅपच्या फोटोंचे फोल्डर बंद केले की ‘गुड मॉर्निंग’चे फोटो वर चढणे थांबते. आधी चढलेले मात्र तिथेच राहतात. ते काढायला म्हणून अॅपमध्ये ‘डिलीट’ केले तर मोबाईलमधूनही जातात, हे ध्यानात असू द्या.

हिशेब करून बघा

एका लग्नाचे १,५०० फोटो, प्रत्येकी ८ एमबी धरले तर १२ जीबी होतात. रोज दीड जीबीचा रिचार्ज असेल तर दुसरे काहीही न करता ८ दिवस लागतील. ५ एमबीपीएसने अपलोड होणारे ब्रॉडबँड असेल तर साधारण ५ तास २० मिनिटे, तेही वीज न जाता. साठवणुकीचेही तसेच. मोफत खात्यात गूगल १५ जीबी देते, वनड्राइव्ह ५ आणि ड्रॉपबॉक्स २. म्हणजे एक लग्न वनड्राइव्हच्या मोफत खात्यात मावतच नाही. जागा भरली की नवे काही चढत नाही, मग तो पहाणीचा स्कॅन का असेना.

बाजूला ठेवण्याआधी आणि नंतर

आधी, त्या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. ती सिंकच्या बाहेरची असली पाहिजे.

मग सिंक पूर्ण झाले आहे का ते बघा. अर्धवट चढलेले फोल्डर निवडीतून काढू नका.

फोल्डर सामायिक असेल तर समोरच्याला फोन करा. ‘चार दिवस हे फोल्डर मी बंद ठेवतोय, यात काही बदलू नका’ एवढे बोलणे पुरे होते. दोघांनी एकाच फाइलीत वेगवेगळे बदल केले तर पुन्हा जोडताना दोन प्रती तयार होतात आणि कोणती बरोबर ते शेवटी माणसालाच बघावे लागते.

काय वगळले आणि कधी परत जोडायचे, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. सॉफ्टवेअरला ‘तात्पुरते’ कळत नाही. वनड्राइव्हचा पॉज ठरल्या वेळी उठतो, पण टिक काढलेले किंवा इग्नोर केलेले फोल्डर तुम्ही स्वतः परत जोडेपर्यंत तसेच राहते. इग्नोर केलेल्या फोल्डरची प्रत फक्त त्या एका कॉम्प्युटरवर असते. सहा महिन्यांनी हार्ड डिस्क बिघडली, तर ‘क्लाउडवर असेल की’ म्हणून बघायला जाल आणि तिथे काहीच नसेल.

परत जोडताना सगळे एकदम जोडू नका. रात्री, ब्रॉडबँडवर, एकेक फोल्डर जोडा. जोडल्यावर दोन्हीकडे फाइलींची संख्या मोजून बघा.

चुकून पुसले गेले तर?

घाबरून पुन्हा पुन्हा क्लिक करू नका. आधी ज्या कॉम्प्युटरवर फाइली अजून शिल्लक असतील त्याचे नेट तोडा, म्हणजे पुसण्याचा निरोप तिथे पोचणार नाही. त्या फाइलींची प्रत बाहेर काढा. मग वेबसाइटवरच्या कचरापेटीत बघा. गूगल ड्राइव्हमध्ये पुसलेल्या फाइली ३० दिवस राहतात. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात आणि ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यातही मुदत ३० दिवसांचीच. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात. सिंकथिंगमध्ये अशी पेटी आपोआप नसते. ‘फाइल व्हर्जनिंग’ आधी चालू केलेले असेल तरच जुनी प्रत मिळते, आणि तीही ज्या कॉम्प्युटरवर बदल बाहेरून आला त्याच्यावर. म्हणून ते दोन्हीकडे चालू ठेवावे.

सिंकमध्ये ठेवूच नये असे काही

गिऱ्हाइकाचे आधार कार्ड, बँकेचे पासबुक, सहीचे कागद काम होईपर्यंत दुकानात राहतात. ते सामायिक फोल्डरमध्ये टाकले की भावाच्या कॉम्प्युटरवरही जातात, आणि तिथे ते कोण बघते ते तुमच्या हातात नसते. असे कागद चार दिवस वगळून उपयोग नाही. त्यांच्यासाठी सिंकच्या बाहेर वेगळे फोल्डर करावे आणि काम झाले की ते रिकामे करावे. घरच्या जमिनीचे कागद मात्र उलटे. ते कधीच वगळू नयेत, आणि सिंकशिवाय त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घरातल्या कपाटातही असावी.